पासवर्ड बरोबर आहे, तरी फाईल उघडत नाही

गेल्या महिन्यात मी एका प्रशिक्षणवर्गासाठी तयार केलेले सादरीकरण २३ प्रशिक्षकांना पाठवले. त्यात आधीच्या वर्गातील प्रशिक्षणार्थींचे चाचणीचे गुण होते आणि ते भलत्याच्या हाती पडू नयेत, म्हणून मी पॉवरपॉइंटमध्येच फाईलला पासवर्ड घातला होता. १९ जणांकडे ती पहिल्याच प्रयत्नात उघडली. उरलेल्या चौघांचे निरोप दोन दिवसांत आले आणि चौघांचेही वाक्य जवळजवळ एकच होते, ‘फाईल उघडत नाही.’

त्यांतील एका ज्येष्ठ सरांनी फाईल खराब झाली असावी असे सांगितले, म्हणून मी ती पुन्हा पाठवली. तीही उघडली नाही, तेव्हा मी माझ्या संगणकावर फाईल उघडून पाहिली, नव्या नावाने सेव्ह केली आणि तिसऱ्यांदा पाठवली. तिसऱ्यांदाही तेच झाले. माझ्याकडे उघडते, १९ जणांकडे उघडते, म्हणजे फाईल चांगली आहे, हे उघड होते. तरीही मी तीच फाईल तीनदा पाठवण्यात एक संपूर्ण दिवस घालवला, कारण समोरच्या पडद्यावर नेमके काय लिहून येत आहे हे मी त्यांना विचारलेच नव्हते. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे. ‘उघडत नाही’ हे तक्रारीचे वाक्य एकच असले, तरी त्यामागची कारणे इतकी वेगवेगळी असतात की, कारण न शोधता केलेला उपाय बहुतेक वेळा वायाच जातो.

तिसऱ्या निरोपानंतर मी सरांना फोन केला आणि म्हटले, “सर, पडद्यावर जे काही लिहून आले आहे, ते जसेच्या तसे वाचून दाखवाल का?” त्यांनी वाचून दाखवलेल्या संदेशाचा आशय असा होता की, फाईल खराब आहे किंवा तिचा प्रकार या प्रोग्रामला ओळखता येत नाही. मी विचारले, “पासवर्डसाठी चौकट आली होती का?” ते म्हणाले, “नाही हो, पासवर्ड कुठे मागतच नाही.” या एका उत्तराने निम्मे काम झाले. पासवर्डची चौकट येते की येत नाही, हा अशा तक्रारीतला पहिला आणि सर्वांत उपयोगी प्रश्न आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. चौकट येत असेल, तर प्रोग्रामने फाईलचे कुलूप ओळखलेले असते आणि शोध किल्लीचा घ्यायचा असतो. चौकटच येत नसेल, तर प्रोग्रामला समोर कुलूप आहे हेच कळलेले नसते आणि तेथे पासवर्ड कितीही वेळा तपासला तरी उपयोग होत नाही.

प्रोग्रामला कुलूप का कळत नाही, हे समजण्यासाठी फाईलच्या आत डोकवावे लागते. हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण तो एकदा लक्षात आला की बाकीचे बरेच कोडे आपोआप सुटते.

पॉवरपॉइंटच्या फाईलचा पीपीटीएक्स हा प्रकार ऑफिस २००७ पासून रूढ झाला. असे साधे, पासवर्ड नसलेले सादरीकरण म्हणजे प्रत्यक्षात एक झिप फाईल, अनेक फाईलींचे एक गाठोडे, असते. तिच्या नावाच्या शेवटचे पीपीटीएक्स काढून झिप लिहिले, तर ती चक्क सुटी करता येते आणि आत प्रत्येक स्लाईडची एक वेगळी एक्सएमएल फाईल, चित्रांचा फोल्डर, मांडणीच्या फाईल असा सगळा संसार दिसतो. झिप असल्यामुळे तिची पहिली दोन अक्षरे ‘पीके’ अशी असतात. पीपीटीएक्स वाचणारे प्रोग्राम बहुधा सुरुवातीला हीच खूण पाहतात.

या फाईलला उघडण्याचा पासवर्ड घातला की ती झिप राहत नाही. पॉवरपॉइंट ती संपूर्ण झिप एन्क्रिप्ट करतो, म्हणजे कूटबद्ध करतो, आणि ऑफिसच्या जुन्या काळातील एका पेटीत ठेवतो. पीपीटी, डॉक आणि एक्सएलएस या जुन्या फाईल ज्या पेटीत असत, तीच ही पेटी. तिची सुरुवात ‘पीके’ने होत नाही, षोडशमान, म्हणजे सोळाच्या पायावरच्या अंकपद्धतीने वाचले तर ती ‘डी० सीएफ ११ ई०’ अशी होते, आणि शून्याला ओ आणि दोन एकांना अनुक्रमे आय व एल मानले तर त्यात ‘डॉकफाईल’ हा शब्द दिसतो. फाईलच्या नावाच्या शेवटी मात्र पीपीटीएक्सच राहते. वर पाटी एक आणि आत माल दुसरा, अशी ही स्थिती असते. पॉवरपॉइंटला ती ठाऊक असते, त्यामुळे तो पेटी पाहताच पासवर्ड मागतो. पण ज्या लहानसहान वाचक ॲपमध्ये किंवा जुन्या प्रोग्राममध्ये ही सोय केलेलीच नसते, तो नावावरून झिपची अपेक्षा धरतो, आत वेगळेच काही पाहतो आणि फाईल खराब असल्याचे सांगून मोकळा होतो. त्याच्या दृष्टीने ते चूकही नसते; त्याला अपेक्षित असलेली फाईल तेथे खरोखरच नसते.

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तेव्हा मला त्याचा खरा अर्थ लागला. सेव्हन-झिप हा प्रोग्राम ही जुनी पेटीसुद्धा उघडून दाखवतो. आधी मी त्यात पासवर्ड नसलेली प्रत उघडली, तेव्हा स्लाईड, चित्रे, आलेख अशा फोल्डरांची रांग दिसली. मग तेच सादरीकरण पासवर्ड घातलेल्या रूपात उघडले. आता फोल्डरांची ती रांग कुठेच नव्हती. ‘एन्क्रिप्शनइन्फो’ नावाची काही केबींची लहानशी नोंद, ‘एन्क्रिप्टेडपॅकेज’ नावाचा एक भलामोठा गोळा आणि ‘डेटास्पेसेस’ नावाचा एक फोल्डर, एवढेच. माझ्या ४० स्लाईड, त्यांवरचे आलेख आणि गुणांचे तक्ते त्या एका गोळ्यात होते. कुणाच्या फाईलविषयी शंका आली की आता मी हीच तपासणी प्रथम करते. आत ही दोन नावे दिसली, तर फाईल निरोगी आहे आणि तिला पासवर्डचे कुलूप आहे, असे धरून पुढे जाता येते. सेव्हन-झिप हाताशी नसेल, तर फाईलची एक प्रत नोटपॅडमध्ये उघडावी; सुरुवातीला ‘पीके’ असेल तर उघडण्याचा पासवर्ड नाही, आणि तेथे वेगळीच चिन्हे असतील तर आत पेटी असण्याचा संभव आहे. मात्र नोटपॅडमधून ती प्रत सेव्ह करू नये, अन्यथा जी फाईल आजवर खराब नव्हती, ती त्या क्षणी खरोखरच खराब होईल.

कुलूप ओळखणाऱ्या प्रोग्राममध्येही एक फरक राहतो. ऑफिस २००७ मधील कूटबद्धीकरण आणि ऑफिस २०१० पासूनचे कूटबद्धीकरण यांची रचना एकसारखी नाही. २००७ च्या पद्धतीत पासवर्डवर ५०,००० वेळा प्रक्रिया करून किल्ली तयार होत असे. २०१० मध्ये ती संख्या १,००,००० झाली आणि किल्ली कोणत्या रीतीने तयार करायची याचे वर्णनही फाईलमध्ये नव्या पद्धतीने लिहिले जाऊ लागले. त्यानंतरच्या आवृत्त्यांत त्यातील गणिती पद्धती आणखी भक्कम झाल्या. त्यामुळे एखादा जुना, इतर कुणी तयार केलेला वाचक २००७ ची पासवर्ड असलेली फाईल व्यवस्थित उघडतो आणि आज तयार केलेल्या फाईलपुढे अडतो, असे घडू शकते. ‘हा प्रोग्राम पासवर्ड असलेल्या फाईल उघडतो, मी पूर्वी उघडल्या आहेत’ असे कुणी सांगितले, तर ते खरे असूनही अडचण तेथेच असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

पीपीटी या जुन्या प्रकाराची गोष्ट याहून वेगळी आहे. पॉवरपॉइंटच्या ९७ आणि २००० या आवृत्त्यांत उघडण्याचा पासवर्ड घालण्याची सोयच नव्हती. ती पॉवरपॉइंट २००२ मध्ये आली. जुन्या संग्रहातील एखादी पासवर्ड असलेली पीपीटी फाईल त्या आधीच्या आवृत्तीत उघडणार नाही, याचे कारण एवढेच आहे. सादरीकरण केवळ पाहण्यासाठी असलेला मोफत पॉवरपॉइंट व्ह्यूअरही २०१८ च्या एप्रिलमध्ये बंद झाला, त्यामुळे ‘व्ह्यूअर टाकून घ्या’ हा पूर्वीचा सोपा सल्ला आता देता येत नाही.

दुसरी तक्रार एका ताईंची होती. त्यांच्या पडद्यावर पासवर्डची चौकट येत नव्हती, पण फाईल खराब असल्याचा संदेशही नव्हता. पूर्वदर्शन उपलब्ध नाही, अशा अर्थाची एक ओळ येत होती. त्या मोबाईलवर ईमेल उघडून त्यातील जोडणीवर बोट ठेवत होत्या. ईमेलमधले किंवा साठवणसेवेतले पूर्वदर्शन बहुधा दूरच्या सर्व्हरवर तयार होते. तो सर्व्हर फाईल वाचतो, तिची चित्रे करतो आणि ती आपल्याला दाखवतो. आपला पासवर्ड त्या सर्व्हरपाशी नसल्यामुळे तो काहीच दाखवू शकत नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सादरीकरणाच्या अनेक सेवांनाही हीच मर्यादा पडते आणि त्या फाईल संगणकावरील प्रोग्राममध्ये उघडायला सांगतात. पासवर्ड घातलेल्या फाईलवर अनेकांना एकाच वेळी मिळून काम करता येत नाही, त्याचेही कारण याच्या जवळचे आहे. मी ताईंना फाईल आधी संगणकावर उतरवून घ्यायला, मग पॉवरपॉइंट सुरू करून त्यातून ती उघडायला सांगितले. दोन मिनिटांत काम झाले. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही, पण सर्वाधिक तक्रारी याच जातीच्या असतात, असा माझा अनुभव आहे.

याच ठिकाणी आणखी एक शक्यता तपासावी. संस्थांच्या ईमेल यंत्रणा जोडण्यांमध्ये विषाणू आहे का हे पाहतात. कूटबद्ध फाईलच्या आत त्यांना डोकावता येत नाही, म्हणून काही यंत्रणा ती अडवून ठेवतात किंवा काढून टाकून तिच्या जागी एक सूचना ठेवतात. समोरच्याला मिळालेल्या फाईलचा आकार विचारावा. माझी फाईल १८ एमबीची असताना समोरच्याकडे ती काही केबींची दिसत असेल, तर त्याच्याकडे सादरीकरण पोहोचलेलेच नाही. आकार बाइटपर्यंत जुळत असेल आणि तरीही शंका असेल, तर विंडोजमधील सर्टयूटिल किंवा मॅकमधील शासम या आज्ञेने दोन्हीकडच्या फाईलची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून निघणारी तिची खूण, काढून शेवटची सहा-आठ अक्षरे फोनवर जुळवता येतात. ती जुळली की दोन्ही फाईल एकच आहेत याविषयी शंका उरत नाही, आणि पुन्हा पाठवण्याचा विषय तेथेच मिटतो. मी पहिल्याच दिवशी हे केले असते, तर सरांना तीच फाईल तीनदा उतरवून घ्यावी लागली नसती.

उरलेल्या दोघांकडे पासवर्डची चौकट येत होती आणि पासवर्ड चुकीचा असल्याचे सांगितले जात होते. हा प्रकार मला सर्वांत अधिक शिकवून गेला, म्हणून तो सविस्तर सांगते.

फाईलचा पासवर्ड इंग्रजी अक्षरांतला होता. एक छोटे वाक्य, त्यात एका शब्दात वर लोंबणारे एकेरी अवतरणचिन्ह आणि शेवटी चार आकडे. प्रशिक्षकांच्या बैठकीत मी तो सावकाश उच्चारून सांगितला होता आणि उपस्थितांनी वहीत लिहून घेतला होता. बैठकीला दोघे जण आले नव्हते. त्यांना मी तो माझ्या टिपणाच्या वर्ड फाईलमधून उचलून संदेशाने पाठवला. ज्यांनी कानाने ऐकून हाताने टाईप केला, त्या सगळ्यांची फाईल उघडली. ज्यांनी अगदी बिनचूक कॉपी करून डकवला, त्या दोघांची उघडली नाही. सुरुवातीला मला हे पटेचना. डकवण्यात चूक कशी होईल? मग मी त्यांना पाठवलेला तोच संदेश कॉपी करून माझ्या स्वतःच्या संगणकावर चौकटीत डकवला, आणि माझ्याकडेही पासवर्ड चुकीचा ठरला.

कारण त्या एका चिन्हात होते. कीबोर्डवरून थेट टाईप केलेले एकेरी अवतरणचिन्ह सरळ, उभे असते. तेच चिन्ह वर्डमध्ये टाईप केले की वर्ड ते छापील पुस्तकातल्यासारखे वळणदार करून टाकतो. मी फाईलला पासवर्ड घातला तेव्हा पॉवरपॉइंटच्या चौकटीत सरळ चिन्ह पडले होते, कारण त्या चौकटीत अशी सुधारणा होत नाही. टिपणात मात्र तेच चिन्ह वळणदार झाले होते. डोळ्यांना फरक जवळजवळ दिसत नाही. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन संपूर्णपणे वेगळी अक्षरे आहेत.

येथे कुणी विचारेल की, इतक्या बारीक फरकाची सूचना प्रोग्राम का देत नाही? तो देऊच शकत नाही. फाईलमध्ये पासवर्ड कुठेही लिहून ठेवलेला नसतो. आपण टाईप केलेल्या अक्षरांत फाईलमधला एक यादृच्छिक अंश मिसळून, त्यावर वर सांगितल्याप्रमाणे हजारो वेळा प्रक्रिया करून एक किल्ली बनवली जाते आणि त्या किल्लीने फाईलमधील एक छोटी चाचणी सुटते का, एवढेच पाहिले जाते. एक अक्षर जरी वेगळे असले, तरी तयार होणारी किल्ली थोडीशी वेगळी नसते, तर मूळ किल्लीशी तिचे काहीच साम्य राहत नाही. ‘जवळपास बरोबर’ असा प्रकार तेथे नाही. म्हणूनच पासवर्डमधील प्रत्येक चिन्ह संशयाने पाहावे लागते.

त्या दिवसानंतर मी अशा घातकी चिन्हांकडे बारकाईने पाहू लागले. शब्दाच्या मागे चिकटून आलेली मोकळी जागा ही सर्वांत वरच्या क्रमांकाची शत्रू. संदेशातून निवडताना बोट थोडे पुढे गेले की ती सोबत येते आणि चौकटीत ठिपकेच दिसत असल्यामुळे कळत नाही. मोबाईलचा कीबोर्ड वाक्याच्या सुरुवातीचे इंग्रजी अक्षर आपणहून मोठे करतो आणि पासवर्डमध्ये लहान व मोठे अक्षर वेगळे मानले जाते. दोन छोट्या आडव्या रेघांची एक लांब रेघ होते. संदेशाचे ॲप काही चिन्हांना ठळक किंवा तिरप्या अक्षरांची खूण समजून गिळून टाकते. तारकाचिन्ह आणि खालची रेघ यांच्या बाबतीत हे हमखास होते. शून्य आणि ओ, एक आणि एल यांच्याविषयी सगळ्यांना ठाऊक असते, तरी चूक होतेच.

आपल्यासारख्या देवनागरीत टाईप करणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल, तर पासवर्डमधला आकडा काही मांडण्यांत देवनागरी पडतो. देवनागरी ४ आणि इंग्रजी 4 यांचा अर्थ आपल्याला एकच वाटला, तरी संगणक त्यांना वेगळी अक्षरे मानतो आणि ठिपक्यांच्या आड हा फरक दिसत नाही. पासवर्डच मराठीत ठेवावा, असा मोह मलाही झाला होता, कारण तो लक्षात राहायला सोपा असतो. पण मराठीतील काही अक्षरे युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतात. ‘ऱ’ हे अक्षर एका सलग संकेताने लिहिता येते आणि ‘र’ला नुक्ता, म्हणजे खालचा ठिपका, जोडूनही लिहिता येते, दिसायला दोन्ही सारखेच. ‘सुऱ्या’, ‘पायऱ्या’ अशा शब्दांत एक कीबोर्ड एक पद्धत वापरतो आणि दुसरा दुसरी. शिवाय जोडाक्षरांच्या मध्ये न दिसणारी जोडचिन्हेही पडलेली असू शकतात. मराठीवरचे माझे प्रेम कमी नाही, पण अनेकांना पाठवायच्या फाईलचा पासवर्ड मी आता मराठीत ठेवत नाही. साधी रोमन अक्षरे आणि आकडे, तेही गोंधळात न टाकणारे, आणि चिन्हांऐवजी लांबी वाढवलेली, असा माझा नियम झाला आहे. चार असंबद्ध शब्द सलग लिहिलेला लांब पासवर्ड फोनवर सांगायलाही सोपा पडतो आणि फोडायलाही अवघड.

पासवर्ड चुकीचा ठरत असेल, तर समोरच्याला सांगण्याचा एक साधा उपाय आहे. नोटपॅड उघडावे, त्यात पासवर्ड हाताने टाईप करावा, डोळ्यांनी एकेक अक्षर तपासावे आणि मगच तेथून कॉपी करून चौकटीत डकवावा. नोटपॅड आपणहून कशालाही वळणदार करत नाही. त्या दोघांकडेही याच रीतीने फाईल उघडली.

काही वेळा फाईल उघडते, पण ‘उघडत नाही’ अशीच तक्रार येते, कारण तिच्यात बदल करता येत नाहीत. येथे तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. उघडण्याचा पासवर्ड फाईल कूटबद्ध करतो. बदल करण्याचा पासवर्ड वेगळा असतो. तो ठाऊक नसेल तर फाईल केवळ वाचण्यासाठी उघडते, आणि पीपीटीएक्समध्ये तो एकटाच घातला असेल तर आतला मजकूर कूटबद्ध होत नाही. गोपनीय गुण, पत्ते किंवा वैद्यकीय नोंदी त्याच्या भरवशावर पाठवू नयेत, हे मी अगदी कळकळीने सांगते, कारण पुष्कळांना दोन्ही पासवर्ड सारखेच संरक्षण देतात असे वाटते. तिसरी गोष्ट म्हणजे ‘अंतिम’ अशी खूण करणे. ती केवळ विनंती आहे, कुणीही एका क्लिकमध्ये ती काढू शकतो. इंटरनेटवरून आलेली फाईल ‘संरक्षित दृश्यात’ उघडते तेव्हाही पिवळी पट्टी येते आणि बदल करता येत नाहीत, पण त्याचा पासवर्डशी संबंध नसतो. फाईल कुठून आली याची विंडोजने केलेली ती नोंद असते आणि पाठवणारा ओळखीचा असेल, तर फाईलच्या गुणधर्मांत ‘अनब्लॉक’ करून ती काढता येते.

हक्कांचे नियंत्रण हा आणखी एक प्रकार आहे. त्यात फाईल कूटबद्ध असते, पण ती पासवर्डने उघडत नाही. ज्याला परवानगी दिली आहे, त्याच्या खात्याने प्रवेश केला तरच उघडते. बाहेरून पेटी तशीच दिसते, फक्त सेव्हन-झिपमध्ये पाहिले तर ‘एन्क्रिप्शनइन्फो’ची नोंद नसते. अशा फाईलसाठी समोरचा पासवर्ड मागत राहतो आणि पाठवणारा ‘मी पासवर्ड घातलेलाच नाही’ असे सांगत राहतो. दोघेही खरे बोलत असतात. उपाय पाठवणाऱ्याच्याच हाती असतो, त्याने त्या खात्याला परवानगी द्यायची असते.

ओडीपी प्रकारात सादरीकरण करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लिब्रेऑफिस या मोफत प्रोग्रामसंचात ओडीपी फाईलला पासवर्ड घातला, तर तिचे कूटबद्धीकरण वेगळ्या पद्धतीचे असते आणि पॉवरपॉइंट ओडीपीतील पासवर्डला आधार देत नाही. घेणाऱ्यांकडे पॉवरपॉइंट असणार असेल, तर आधी पीपीटीएक्समध्ये सेव्ह करून मगच पासवर्ड घालावा.

आणि पासवर्ड खरोखरच विसरला असेल, तर? नव्या पद्धतीच्या फाईलला मागचे दार नाही. मायक्रोसॉफ्टही तो परत मिळवून देऊ शकत नाही. ऑफिस २०१३ पासून संस्थांसाठी डॉकरीक्रिप्ट नावाचे एक साधन आहे, पण त्यासाठी संस्थेच्या तंत्रज्ञांनी फाईलला पासवर्ड घालण्याच्या आधीच संगणकांवर तशी व्यवस्था करून ठेवलेली असावी लागते. नंतर ती लावून जुन्या फाईल उघडत नाहीत. म्हणून मूळ, पासवर्ड नसलेली प्रत सुरक्षित जागी ठेवणे एवढेच आपल्या हाती राहते. मी तशी प्रत ठेवते, आणि पाठवण्यापूर्वी फाईल एका दुसऱ्या संगणकावर, पाठवणार आहे त्याच संदेशातील पासवर्ड डकवून उघडून पाहते. पासवर्ड फाईलच्याच ईमेलमध्ये लिहीत नाही. तो फोनवर किंवा वेगळ्या संदेशात जातो.

आता राहिले सर. त्यांच्या संगणकावर पॉवरपॉइंट नव्हते. सादरीकरणे पाहण्यासाठी त्यांनी एक छोटा वाचक प्रोग्राम टाकलेला होता आणि साध्या फाईल तो वर्षानुवर्षे निमूट उघडत होता. मी त्यांना पासवर्ड नसलेली प्रत पाठवून मोकळी झाले असते, पण त्यात प्रशिक्षणार्थींची नावे आणि गुण होते. ती नावे ज्यांची होती, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवलेला होता, आणि एकाच्या सोयीसाठी तो मोडणे मला पटले नाही. मग आम्ही फोन चालू ठेवूनच त्यांच्या संगणकावर लिब्रेऑफिस उतरवले, कारण ते पीपीटीएक्सचे हे कुलूप ओळखते. मी त्यांना फाईलवर दोनदा क्लिक न करता, आधी त्यातला सादरीकरणाचा प्रोग्राम इम्प्रेस सुरू करून त्यातून ती उघडायला सांगितले, नाहीतर ती पुन्हा जुन्याच वाचकाकडे गेली असती. क्षणभर शांतता झाली आणि मग ते म्हणाले, “आता चौकट आली. पासवर्ड मागतोय.” मी एकेक अक्षर सांगत गेले, त्या एकेरी चिन्हापाशी थांबून ‘एंटर कळीच्या डावीकडचे, सरळ’ असे बजावले, आणि पहिली स्लाईड उघडली. फॉन्ट बदलल्यामुळे दोन मथळे चौकटीबाहेर गेले होते, पण तक्ते शाबूत होते. दहा मिनिटांनी त्यांचा पुन्हा फोन आला. १७ व्या स्लाईडवरील आलेखात दुसऱ्या चाचणीची सरासरी पहिलीपेक्षा कमी का दिसते, हे त्यांना विचारायचे होते.